अर्पिताच्या पत्रिकेच्या एकोणीस फाइली

बबनराव गावंड्यांच्या अर्पिताचं लग्न एका बैठकीत जमलं. मुलगा महागावचा, पोस्टात नोकरीला. मुलीला पसंत, मुलाला पसंत. दोन्हीकडच्या मंडळींना विरोध करायला काहीच सापडलं नाही, म्हणून चहाच्या दुसऱ्या फेरीला तारीखसुद्धा निघाली. पत्रिकेला मात्र सव्वीस दिवस लागले.

हे घाटंजीबाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत वर 'विनीत' असतात. त्यांच्याखाली 'निमंत्रक', मग 'व्यवस्थापक', ज्यांनी कशाचीही व्यवस्था केलेली नसते, मग 'स्वागतोत्सुक', ज्यांना लग्नाच्या दिवशी घरून बोलावून आणावं लागतं. अगदी तळाशी चिल्लेपिल्ले, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारे, त्यातल्या काहींना अजून दात आलेले नसतात. प्रत्येक नावाला जागा असते आणि त्या जागेवर दुसऱ्या कोणाचा तरी डोळा असतो. हे सगळं एका कागदावर बसवायचं काम घाटंजीत गेली अठरा वर्षं अकीलाभाभी करतात. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं 'कहकशां ग्राफिक्स' आहे. मुलीचं नाव दुकानाला दिलेलं. भाभी टाइप करतात आणि त्यांचे मिस्टर युनूसभाई बाजूच्या टेबलावर गावाचे बिघडलेले कॉम्प्युटर उघडून बसतात. छपाई यवतमाळला होते.

बबनरावांच्या पत्रिकेतली खरी गाठ म्हणजे मारोतराव, त्यांचे थोरले बंधू. दोघांची घरं एका भिंतीची. चार वर्षांपूर्वी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाची हातभर जमीन आणि तिच्यावरच्या एका बाभळीवरून, दोघांचं वाजलं. तेव्हापासून मारोतराव धाकट्याच्या उंबऱ्यात आले नव्हते. पत्रिकेच्या बैठकीला आले, कारण ती भाभींच्या दुकानात होती आणि दुकान कोणाच्याच बापाचं नव्हतं. तिथं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "माह्यं नाव ठरल्या जागी आलं तं मांडवात येईन. इकडचं तिकडं झालं तं घराची कडी लावून आत बसीन."

बबनरावांना लग्नाची दुसरी कुठलीच काळजी नव्हती. हॉल मिळाला होता, आचारी मिळाला होता. थोरला भाऊ भिंतीपलीकडे कडी लावून बसलाय आणि अलीकडे पोरीला हळद लागतेय, एवढं एक चित्र त्यांना नको होतं.

मंगळवारी सव्विसाव्या दिवशी सगळं ठरलं. पहिल्या ओळीत एकटे मारोतराव. मुलीचे मामा लखीराम यांना स्वतंत्र चौकट. बारा माणसांनी पडद्याला नाक लावून पाहिलं, बारा माना हलल्या, भाभींनी फाइल सेव्ह केली. बुधवारी चार वाजेपर्यंत ती यवतमाळला पाठवायची होती, कारण गुरुवारपासून छापखान्यात लगनसराईची रांग लागणार होती.

बुधवारी सकाळी दहाला बबनराव दुकानात आले. काम काही नव्हतं. फक्त बसायचं होतं. भाभी मागं पाणी भरत होत्या, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक गोल फिरत होता आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. बबनरावांच्या मोबाईलची बॅटरी चार टक्क्यांवर आली होती. बोर्डात जागा नव्हती. त्यांनी एक पिन काढली आणि आपली लावली.

भाभी आल्या तेव्हा पडदा काळा होता.

"बबनभाऊ, काय काढलं तुमी?"

"काही नाही जी. एक लहानी पिन होती."

त्या लहान पिनेवर गेली नऊ वर्षं 'कहकशां ग्राफिक्स' चालत होतं. पिन परत लावली. कॉम्प्युटर सुरू झाला, निळा झाला, थोडा विचार केला आणि पुन्हा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. असं त्यानं अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी युनूसभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जसा डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाच्या ठेवतो.

"अपडेट चालू होतं," ते म्हणाले. "तिथं लिहिलं होतं, बंद करू नका."

"इंग्रजीत लिहिलं होतं," बबनराव म्हणाले.

"आता विंडोज नव्यानं टाकावं लागते. दुसरा इलाज नाही."

"टाका नं मंग."

"टाकतो. पण ते टाकलं का सी ड्राइव्ह साफ होते. आन हिचं सारं सामान सी मधीच हाय. डेस्कटॉपवर." युनूसभाईंनी बायकोकडे पाहिलं. "अठरा साल से बोल रहा हूं, दुसऱ्या ड्राइव्हमधी ठेव."

"अन् मैं अठरा साल से बोल रही हूं, बोर्ड वाढवा," भाभी म्हणाल्या.

बबनराव स्टुलावर बसले. त्यांचा मोबाईल सहा टक्के झाला होता.

मग सामान बाहेर काढायचं काम सुरू झालं. युनूसभाईंनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला, त्यावर दुसरीच एक सिस्टीम होती. ती लावून कॉम्प्युटर उघडता येत होता, म्हणजे दाराचं कुलूप बिघडलं म्हणून खिडकीतून आत गेल्यासारखं. आत गेल्यावर डेस्कटॉप दिसला. त्यावर मूळचा एक धबधबा होता म्हणतात, पण फाइलींच्या गर्दीत त्याचा एक थेंबही दिसत नव्हता.

"यातली पत्रिका घ्या फक्त," बबनराव म्हणाले. "बाकीचं ऱ्हाऊ दे."

"काहून ऱ्हाऊ दे?" भाभी उसळल्या. "साऱ्या घाटंजीचं हाय हे. हे पाहा, जातीचे दाखले. हे बायोडाटे. हे वाढदिवसाचे बॅनर. हे श्रद्धांजलीचे. मारोतीच्या देवळाची पावती इथं हाय, उरुसाचं पोस्टर इथं हाय."

"हे 'न्यू फोल्डर चौदा' काय हाय?" युनूसभाईंनी विचारलं.

"मालूम नाही. पण घ्या."

"आन हे 'न्यू फोल्डर पंधरा'?"

"त्याच्यात चौदाची कॉपी असन. घ्या."

डेस्कटॉप झाडून झाला, डाउनलोड झाडून झालं, डॉक्युमेंट झाडून झालं. भाभी प्रत्येक फोल्डरला निरोप देत होत्या. एका फोल्डरमध्ये कहकशांची पहिलीतली 'मासोळी'ची कविता निघाली, मुलगी आता बी. फार्मसीला आहे. कविताही आली. पत्रिकेच्या फाइली एकोणीस निघाल्या, आणि त्यांची नावं अशी: अर्पिता. अर्पिता फायनल. अर्पिता फायनल दोन. अर्पिता पक्की. अर्पिता पक्की नवी. अर्पिता मारोतभाऊ नाराज. अर्पिता मामा नाराज. अर्पिता दोघंही नाराज. अर्पिता लास्ट. अर्पिता लास्ट लास्ट. बाकीच्यांचीही अशीच.

"मोजून घ्या," बबनराव म्हणाले.

मोजल्या. एकोणीस. त्यांनी त्या आपल्या पेनड्राइव्हवर मागितल्या, मग भाभींच्या मोबाईलवर मागितल्या, मग एक प्रत मेमरी कार्डावर घेतली आणि कार्ड बायकोनं दिलेल्या तंबाखूच्या डबीत ठेवलं. विमलताईंनी ती डबी तंबाखू सोडल्याबद्दल बडीशेप भरून दिली होती. आता बडीशेपेत कार्ड होतं. युनूसभाईंनी जुनं सगळं पुसलं आणि दीड वाजेपर्यंत नवीन विंडोज टाकून दिलं. पडदा स्वच्छ. धबधबासुद्धा नवा.

बबनरावांनी श्वास सोडला. भाभींनी पहिली फाइल उघडली.

पडद्यावर चौकट होती, वेलबुट्टी होती, गणपती होता. अक्षरं इंग्रजी होती आणि इंग्रजीही कुठलं ते कळत नव्हतं. मधूनच अर्धा कंस, मधूनच आकडा.

"हे काय हाय?" बबनराव म्हणाले. त्यांनी पत्रिकेत शोधून पाहिलं. "सी, सी, यू, जे, के, ओ. हा कोण?"

"तुमीच हाय," भाभी म्हणाल्या. "बबनराव."

युनूसभाईंनी एक यादी उघडून वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "फॉन्ट ऱ्हायला."

त्यांनी समजावून सांगितलं. भाभींचा मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचा. आत खरी अक्षरं इंग्रजीच असतात, वरून फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. तो फॉन्ट ठेवलेला असतो विंडोजच्या स्वतःच्या खोलीत, आणि ती खोली त्यांनी झाडली नव्हती. घरातलं सगळं सामान काढलं, भिंतींचा रंग कोणी काढून घेत नाही.

"नेटवरून उतरवा नं," बबनराव म्हणाले.

सिमेंट रोडच्या खोदकामात सोमवारी केबल तुटली होती. मोबाईलचं नेट दुकानाबाहेर, पानठेल्यापाशी उभं राहिलं तरच येत होतं. तोच फॉन्ट नेरच्या तनवीरकडे होता, युनूसभाईंच्या मावसभावाकडे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, मी शेतात आहे, दुकानात पोचलो की पाठवतो, साडेतीन होतील.

"म्हणजे आर्धा तास ऱ्हायते. चालते," युनूसभाई म्हणाले.

"पण पाठवायची कोणती?" भाभी म्हणाल्या.

हा प्रश्न तोवर कोणाला सुचला नव्हता. मंगळवारची फाइल कोणत्या नावानं सेव्ह केली होती ते त्यांना आठवत नव्हतं. बारा माणसं एकदम बोलत होती. तारखेवरून कळेल म्हणून युनूसभाईंनी तारखा पाहिल्या. एकोणीसच्या एकोणीस फाइलींवर एकच तारीख होती, एक जानेवारी दोन हजार अकरा. त्या कॉम्प्युटरच्या आतला, तारीख सांभाळणारा छोटा सेल कधीचा संपला होता, आणि रोज सकाळी कॉम्प्युटर पुन्हा त्याच एक जानेवारीला उठत होता. घाटंजीतल्या अनेकांच्या पत्रिका त्या दिवशी छापल्या गेल्या आहेत.

"फॉन्ट साडेतीनले. एकोणीस फाइली वाचाले एक घंटा. अन् चारले धाडाची हाय," बबनराव म्हणाले.

नेमके तेव्हाच मारोतराव आले. घाटंजीत बातमी विजेच्या लाइनीपेक्षा जोरात येते. ते दारात उभे राहिले, पडद्याकडे पाहिलं आणि टोपी काढून परत घातली.

"पिन काढली म्हंतात?"

"लहानी होती, दादा," बबनराव म्हणाले.

बैठकीतसुद्धा दोघं इतरांना सांगूनच बोलले होते; एकमेकांशी थेट बोललेलं चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य होतं.

"मंग आता पुन्हा बैठक बसवता का?" मारोतराव म्हणाले. "मी नाही बसत. एकदा ठरलं. म्या सांगून ठेवलं हाय, माह्यं नाव..."

"सगळं वाचलं हाय, दादा. एकोणीसही वाचल्या. फक्त वाचता येऊन नाही राह्यल्या."

"मी वाचतो नं," भाभी म्हणाल्या.

आमच्याकडे बायकासुद्धा 'वाचतो' म्हणतात, आणि त्या ते इतक्या सहज म्हणाल्या की फार मोठी गोष्ट सांगितली असं कोणाला वाटलं नाही. त्यांनी कीबोर्ड बाजूला सरकवला आणि दहाही बोटं रिकाम्या टेबलावर ठेवली. यवतमाळच्या टायपिंगच्या क्लासमध्ये त्या मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झाल्या होत्या, पडद्याकडे न पाहता, बोटांवर रुमाल टाकून. पडद्यावरचं प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे त्यांनी कधीतरी दाबलेलं एक बटण होतं. त्या डोळ्यांनी अक्षर पाहायच्या, बोट टेबलावर त्या जागी पडायचं आणि तोंडातून मराठी यायची.

"ई, के, जे, के, एस, आर..." बोटं टेबलावर चालली. "मारोत. मारोतराव."

मारोतराव पुढे झाले. "कुठी?"

"या फाइलीत चौथ्या ओळीत."

"ही नाही," ते ठामपणे म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

भाभी वाचत गेल्या. मारोतराव दुसऱ्या ओळीत होते, मग तिसऱ्या, मग एका फाइलीत तळाला चिल्ल्यापिल्ल्यांच्या वर. ती 'दोघंही नाराज' निघाली. बबनराव मान खाली घालून ऐकत होते. सव्वीस दिवसांचं भांडण बोटांच्या टकटकीवर पुन्हा एकदा होत होतं, फक्त या वेळी कोणी मधे बोलत नव्हतं.

"कितीदा हलवलं बे मले," मारोतराव मधेच म्हणाले.

"तूच हलवाले लावलं, दादा."

"तं नाही कोण म्हंते."

चौदाव्या फाइलीवर भाभी थांबल्या. "ऐका. लखीराममामाच्या नावाखाली 'माजी उपसरपंच' हाय. ते मंगळवारी आखरीले टाकलं. ज्याच्यात उपसरपंच, तीच शेवटची." बाकीच्या पाचांत उपसरपंच नव्हते. फाइलीचं नाव होतं 'अर्पिता जुनी'. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"वाचा," मारोतराव म्हणाले.

"विनीत. श्री. मारोतराव..."

"पह्यल्या ओळीत?"

"पह्यल्या. एकटेच."

"पुन्हा वाचा."

भाभींनी पुन्हा वाचलं. मारोतरावांनी खिशातून रुमाल काढला आणि उगीचच गळा पुसला. बबनरावांनी घड्याळ पाहिलं, सव्वातीन. जमलं होतं.

भाभींची बोटं मात्र टेबलावरून उठेनात. त्या पडद्यावर वरून खाली जात होत्या, पुन्हा वर येत होत्या. "आमची कन्या," त्या पुटपुटल्या. "अन् मंग लगेच चौकट. मामा. उपसरपंच. मंग 'यांच्याशी'." त्यांनी युनूसभाईंकडे पाहिलं. "ऐकता का? याच्यात पोरीचं नाव नाही."

"कोणत्या पोरीचं?"

"अर्पिताचं."

उपसरपंचांना जागा हवी म्हणून मंगळवारी चौकट मोठी केली होती. तेवढ्यासाठी भाभींनी एक ओळ उचलली, खाली ठेवायची म्हणून. तेवढ्यात कोणीतरी चहा आणला असेल. ओळ हातातच राहिली. बारा माणसांनी पडद्याला नाक लावून पाहिलं होतं. प्रत्येकानं स्वतःचं नाव पाहिलं होतं. नवरीकडचं कोणी नवरीचं नाव पाहायला गेलं नव्हतं, कारण ते असणारच.

"तू नाही पाह्यलं?" मारोतराव भावाला म्हणाले. "बाप हायेस तू."

"म्या तुह्यंच पाह्यलं, दादा," बबनराव म्हणाले. "तेवढंच पाह्यलं. तीनदा."

मारोतराव पडद्याकडे पाहत बसले. युनूसभाई उगाच उठून पानठेल्यापाशी गेले, फॉन्ट आला का पाहायला.

प्रश्न एका ओळीचा होता. पत्रिकेत एका ओळीचीही जागा नव्हती. अक्षरं आधीच भिंग लावावं इतकी बारीक झाली होती. चौकट लहान केली तर लखीराम. चिल्लेपिल्ले काढले तर त्यांच्या आया, आणि त्या सगळ्या त्याच गल्लीत राहत होत्या. व्यवस्थापकांतला एक काढला तर तो विचारणार, मलाच का काढलं, उरलेल्या सातांना का नाही.

"माह्यी ओळ काढा," मारोतराव म्हणाले.

"नाही," बबनराव म्हणाले.

"एकट्याची ओळ हाय. नीट बसते पोरगी तिथं."

"नाही म्हंतो नं. पाह्यजे तं नवरीशिवाय छापतो." बबनराव उभे राहिले होते. "तुह्यं नाव नसन तं तू येणार नाही. तूच बोलला. साऱ्यायसमोर."

"मी काय बोललो?"

"नाव इकडचं तिकडं झालं तं कडी लावीन."

"मंग झालं का इकडचं तिकडं?" मारोतराव शांतपणे म्हणाले. "कुठी गेलं नाही ते. नाहीच हाय. इकडं बी नाही अन् तिकडं बी नाही. म्या बोललो त्याच्यात हे बसत नाही."

बबनरावांनी भाभींकडे पाहिलं. भाभींनी थोडा विचार करून मान डोलावली. कायद्यानं बरोबर होतं.

"मंग येशील?"

"पत्रिकेत ज्याचं नाव हाय त्याले आमंत्रण लागते. माह्यं नाही, तं मले कोणी बोलवाचीही गरज नाही. सकाळपासूनच येतो. आचाऱ्यावर कोणी उभं राह्यलं पाह्यजे का नाही?" मग ते भाभींकडे वळले. "पण लखीरामले सांगजा नका, म्या सोताहून काढलं म्हणून. तो म्हणन, मोठेपणा घेतला."

साडेतीनला युनूसभाई पानठेल्यावरून फॉन्ट घेऊन आले. तो टाकल्याबरोबर पत्रिकेनं मराठी कपडे घातले आणि भाभींनी बोटांनी वाचलं होतं ते अक्षरन् अक्षर तसंच निघालं. पहिल्या ओळीतले मारोतराव त्यांनी एकदा मोठे करून त्यांना दाखवले, मग पुसले. 'विनीत' खाली सरकवून 'आमची कन्या' वर आणली आणि त्या जागी चि. सौ. कां. अर्पिता आली. फाइलीला त्यांनी नाव दिलं 'अर्पिता', नुसतं. चारला पाच मिनिटं कमी असताना युनूसभाईंनी ती रस्त्यावर उभं राहून यवतमाळला पाठवली.

लखीरामांना अर्थात सहापर्यंत कळलं. त्यांचा फोन आला तेव्हा दोघे भाऊ घराच्या गल्लीत शिरले होते. बबनरावांनी स्पीकरवर घेतला.

"मारोतरावनं नाव काढलं म्हंते?" लखीराम म्हणाले. "माह्यंबी काढा. अन् असं सांगा का माह्यं आधी काढलं होतं."

"छपाईले गेली, लखीरामजी."

"मंग चौकट असू द्या. पण मी काढा म्हटलं होतं, हे ध्यानात ठेवजा."

फोन ठेवला तोवर बबनरावांचं दार आलं. मारोतराव आपल्या दाराकडे वळले नाहीत. "वाटायच्या यादीचं काय केलं?" असं काहीतरी विचारत ते धाकट्याच्या मागोमाग उंबरा ओलांडून आत गेले, आणि आत जाऊन दिवाणावर बसल्यावर आपण कुठं बसलोय ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आतून अर्पिता आली, पाया पडली. ते तिला म्हणाले, "पत्रिकेत पह्यल्या ओळीत हायेस तू." तिला वाटलं, त्यात काय सांगायचं. नवरी आणखी कुठं असणार.

विमलताईंनी चहा आणला. मारोतरावांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"काहून, भाऊजी? दोनच चमचे टाकले. तुमी घेता तेवढे."

"साखर बंद हाय मले. दोन वर्षं झाले. शुगर निघाली."

"आमाले कोणी सांगतलं नाही."

"भिंतीतून तुमचा टीव्ही ऐकू येते मले," मारोतराव म्हणाले. "मले वाटलं, तुमालेबी माह्यं ऐकू येत असन."

विमलताईंनी कप उचलला आणि दुसरा चहा टाकायला आत गेल्या.